कोप्पीचा ताप

फाउस्तो कोप्पी हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत असायचं कारण नाही. सायकल म्हणजे आपल्याला शाळेत जायचं, दूध घालायचं वाहन. शर्यतीबिर्यती दूरच. मी पुण्यात वाढलो, सायकलींच्या शहरात, तरी मलाही हे नाव पस्तिशी उलटल्यावर कळलं. इटलीत मात्र कोप्पी म्हणजे आपल्याकडे गावस्कर आणि तेंडुलकर मिळून जे काही होईल ते. त्याला सगळे 'कांपिओनिस्सिमो' म्हणत, म्हणजे विजेत्यांचा विजेता. बरेच दिवस त्याच्याबद्दल लिहायचं मनात होतं, पण लिहायचं ते त्याच्या शर्यतींबद्दल नाही, त्याच्या मरणाबद्दल. कारण वयाच्या चाळिसाव्या वर्षी हा माणूस ज्यानं मेला, त्यावरचं औषध त्या काळी कुठल्याही बऱ्या औषधाच्या दुकानात मिळत होतं.

तरी थोडी ओळख करून द्यायला हवी. १९१९ मध्ये पीडमाँटमधल्या कास्तेल्लानिया नावाच्या चिमुकल्या खेड्यात जन्म. घरची शेती. पोरवयात नोव्ही लिगुरे गावातल्या खाटकाकडे सायकलवरून मटण पोचवायचं काम. पुढे १९४० साली, वयाच्या विसाव्या वर्षी, 'जिरो दितालिया' ही इटलीची सगळ्यात मोठी शर्यत जिंकली. ती पुढे आणखी चार वेळा. 'तूर द फ्रान्स' दोनदा, १९४९ आणि १९५२ साली, आणि दोन्ही वेळा त्याच वर्षी जिरोसुद्धा. एका वर्षात या दोन्ही शर्यती जिंकणारा तो पहिला माणूस. मध्ये महायुद्ध आलं, सैन्यात जावं लागलं, उत्तर आफ्रिकेत इंग्रजांच्या हाती सापडून युद्धकैदीही झाला. १९४२ मध्ये मिलानला एका तासात सर्वाधिक अंतर कापायचा जो विक्रम त्याने केला तो चौदा वर्षं टिकला. १९५६ मध्ये तो मोडला जाक आंकतील नावाच्या फ्रेंच पोराने. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येतंय.

१९५९ च्या अखेरीला कोप्पी चाळीस वर्षांचा होता. सायकलस्वाराच्या हिशेबात म्हातारा. पाय पूर्वीसारखे चालत नव्हते, पण सोडवत नव्हतं. आयुष्यभराचा प्रतिस्पर्धी जीनो बार्ताली, ज्याच्या आणि याच्या नावाने अर्धी अर्धी इटली भांडायची, तो पुढच्या हंगामात याच्याच संघाचा व्यवस्थापक होणार होता. (आमच्याकडे ज्या दोन घरांचं पाणी एका विहिरीवर भरलं जात नाही त्यांचीच सोयरीक व्हावी तसं.) अशा वेळी आफ्रिकेतून आमंत्रण आलं.

अप्पर व्होल्टा. आजचं बुर्किना फासो. तेव्हा ती फ्रान्सच्या छत्राखालची नवी स्वायत्त राजवट होती, पूर्ण स्वातंत्र्य पुढच्या ऑगस्टमध्ये मिळायचं होतं. मॉरिस यामेओगो तिथले अध्यक्ष. त्या निमित्ताने युरोपातल्या नामवंत सायकलपटूंनी यावं, राजधानी वागाडुगूमध्ये तिथल्या स्वारांबरोबर एक शर्यत करावी आणि मग दोनचार दिवस शिकार करावी, असा बेत. आंकतील गेला, राफाएल जेमिनियानी गेला, आणखी काही फ्रेंच मंडळी गेली, आणि कोप्पी गेला. १३ डिसेंबरला शर्यत झाली. खरं तर ती सहलच होती, हंगाम संपल्यावरची मौज.

जेमिनियानी हा कोप्पीचा दोस्त. आईबाप इटालियन, स्वतः फ्रेंच, बडबड्या, तापट, १९५१ च्या तूरमध्ये दुसरा आलेला. शिकारीच्या आदल्या रात्री हे दोघं एकाच खोलीत झोपले. 'झोपले' म्हणायचं इतकंच. खोलीत डासांचा नुसता सुळसुळाट. त्या रात्रीची हकीगत जेमिनियानीने पुढे अनेकदा सांगितली: कोप्पी हातात टॉवेल घेऊन डास मारत बसला होता, आणि हा त्याला पुन्हा पुन्हा सांगत होता की अरे बाबा, माझ्यासारखं कर, चादर डोक्यावरून घे. शिकार दुसऱ्या दिवशीची होती, ती रात्रीच सुरू झाली, असं तो म्हणायचा.

मला या हकीगतीतली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. चादर डोक्यावरून घेणारा आणि टॉवेल फिरवणारा, दोघांनाही मलेरिया झाला. चादर म्हणजे मच्छरदाणी नव्हे. आणि जो डास कानाशी गुणगुणतो, ज्याला आपण टॉवेलने हाणतो, तोच आपल्याला आजार देणारा असतो असंही नाही. अॅनॉफिलीसची मादी संध्याकाळपासून पहाटेपर्यंत कधीही येते, आणि एक चावा पुरतो.

माणसं घरी परतली. कोप्पी इटलीला, जेमिनियानी फ्रान्सला. काही दिवस अगदी ठणठणीत. आणि नाताळच्या सुमारास दोघांनाही ताप चढला.

आता इथून पुढे एकाच खोलीतल्या दोन माणसांच्या वाटा कशा फुटतात ते बघा. जेमिनियानीचा ताप एकेचाळीसच्या वर गेला. भ्रम झाला, माणसं ओळखेना. त्याच्यावर आधी कावीळ समजून उपचार झाले, मग पीतज्वर, मग टायफॉइड. म्हणजे तिथेही डॉक्टर चाचपडतच होते. पण ते चाचपडत होते 'हा आफ्रिकेतून आलाय' हे धरून. शेवटी त्याचं रक्त पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटकडे गेलं, सूक्ष्मदर्शकाखाली प्लाझ्मोडियम फाल्सिपॅरम हा जंतू दिसला, क्विनीन सुरू झालं. माणूस वाचला.

कोप्पीच्या डॉक्टरांनी फ्लू ठरवला. पुढे श्वासनलिकेचा, फुप्फुसाचा विकार ठरवला. डिसेंबरचा शेवट, उत्तर इटलीतली थंडी, दोनच वर्षांपूर्वी 'आशियाई फ्लू'ची साथ जगभर फिरून गेलेली. खोकला, अंगदुखी, ताप, ओकाऱ्या. डॉक्टरांना फ्लू सुचला यात नवल काही नाही. जेमिनियानीच्या घरून इटलीला निरोप गेला की आमच्या माणसाला मलेरिया निघालाय, तुमच्याकडेही तेच असणार. त्यावर तिकडून 'तुम्ही तुमच्या रोग्याचं बघा, आम्ही आमच्या रोग्याचं बघतो' अशा अर्थाचं उत्तर आलं असं सांगतात. शब्द नेमके काय होते यावर मी पैज लावणार नाही, पण निरोपाचा उपयोग झाला नाही एवढं खरं. कोप्पीला तोर्तोनाच्या इस्पितळात हलवलं आणि २ जानेवारी १९६० च्या सकाळी तो गेला.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्या इटालियन डॉक्टरांना मलेरिया काय ठाऊक! मग थोडं आणखी वाचलं आणि थक्क झालो. अहो, 'मलेरिया' हा शब्दच मुळी इटालियन. 'माला आरिया', वाईट हवा. रोमभोवतालच्या दलदलीतून येणारी. डांटे १३२१ मध्ये व्हेनिसची वकिली आटोपून रावेन्नाला परतला आणि गेला, तो वाटेतल्या दलदलीत लागलेल्या याच तापाने असं मानतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इटलीत या रोगाने दर वर्षी पंधरा-वीस हजार माणसं मरत होती. १९०० साली तिथल्या सरकारने कायदा करून सरकारी क्विनीन विकायला सुरुवात केली, तंबाखू आणि मीठ मिळायचं त्या दुकानांतून.

आणि संशोधन? लाव्हरां या फ्रेंच लष्करी डॉक्टरने १८८० मध्ये अल्जीरियात रोग्याच्या रक्तात हा जंतू पहिल्यांदा पाहिला, हे खरं. आपल्या सिकंदराबादला रोनाल्ड रॉसने २० ऑगस्ट १८९७ ला डासाच्या पोटात तो शोधला, हे आपण शाळेत शिकलो. पण जंतूंची पिल्लावळ रक्तपेशी फोडून बाहेर पडते त्याच घटकेला हुडहुडी भरते, म्हणून ताप ठरावीक दिवसांआड येतो, हे दाखवून दिलं कामिलो गोल्जीने. माणसाचा मलेरिया अॅनॉफिलीस डासच पसरवतो हे १८९८ मध्ये ग्रासीने. दोघंही इटालियन. गोल्जी पावियाच्या विद्यापीठात होता. पाविया तोर्तोनापासून पन्नासेक किलोमीटर. कोप्पीसाठी तासाभराची रपेट!

मग काय झालं? झालं असं, की इटलीने मलेरिया घालवला. महायुद्धानंतर डीडीटी आली, १९४७ पासून घरोघर फवारणी झाली आणि थोड्याच वर्षांत हा रोग जवळपास नाहीसा झाला. (अधिकृत मलेरियामुक्तीचा शिक्का १९७० मध्ये मिळाला.) १९६० साली चाळिशीत असलेल्या डॉक्टरने लहानपणी आजीकडून, वडलांकडून मलेरियाबद्दल नक्की ऐकलं असणार. पण दवाखान्यात त्याच्यासमोर तसा रोगी येणंच बंद झालं होतं. रोग गेला, आणि त्याच्यामागोमाग तो ओळखायची नजर गेली. यात मला कुणाला दोष द्यावासा वाटत नाही, वाईट मात्र फार वाटतं.

यातलं शरीराचं गणित थोडं समजून घेतलं पाहिजे, कारण सगळी मेख तिथेच आहे. डास चावला की जंतू रक्तात फिरत बसत नाहीत, अर्ध्या-एक तासात यकृतात जाऊन दडतात. तिथे ते वाढत असतात तेव्हा माणसाला काहीएक जाणवत नाही. फाल्सिपॅरमच्या बाबतीत हा काळ साधारण एक ते दोन आठवड्यांचा, कधी महिनाभर, क्वचित त्याहून जास्त. मग ते रक्तात उतरतात आणि ताप येतो. म्हणजे ताप येतो तेव्हा माणूस प्रवासाहून परत आलेला असतो, बॅगा रिकाम्या झालेल्या असतात, फोटो दाखवून झालेले असतात. तापाचा आणि त्या गावचा संबंध मनातून सुटलेला असतो. आपल्या ओळखीचा दिवसाआड येणारा थंडीताप बहुतेक वेळा व्हायव्हॅक्स या दुसऱ्या जातीचा. तो हैराण करतो, लपून बसून महिन्यांनी उलटतोही, पण जीव घेतो तो मुख्यतः फाल्सिपॅरम. त्याने ग्रासलेल्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात, मेंदूत, मूत्रपिंडात. साधा वाटणारा ताप एकदोन दिवसांत बेशुद्धीवर जातो. आणि सुरुवातीला तो दिवसाआडही येत नाही, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे थंडी-ताप-घाम अशा क्रमानेही येत नाही. फ्लूसारखाच येतो.

इथे मला आमच्या आजोळची आठवण होते. हिवतापाचा कर्मचारी पंधरवड्याला घरी यायचा. सायकलवर. भिंतीवर आखलेल्या चौकटीत तारीख टाकायचा, 'कुणाला ताप येऊन गेला का?' विचारायचा, आणि कुणी हो म्हटलं की बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा ठिपका घ्यायचा. आम्ही पोरं परसात पळायचो. क्लोरोक्विनच्या कडू गोळ्या गुळाबरोबर गिळायला लागायच्या. त्या माणसाकडे पदवी नव्हती, सूक्ष्मदर्शकही नव्हता, तो पार तालुक्याला. पण ताप म्हटला की रक्त बघायचं, हे त्याला ठाऊक होतं. १९५८ मध्ये आपल्याकडे राष्ट्रीय मलेरिया निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासूनची ही रीत. म्हणजे कोप्पी तोर्तोनाला तापाने फणफणत होता त्याच सुमाराला आपल्या खेड्यापाड्यांत ती रुजत होती.

पण म्हणून आपण फार शहाणे असं समजायला नको. हे सगळं आत्ताच लिहायला बसलो त्याला कारण माझा भाचा. त्याला कंपनी लागोसला पाठवते आहे, दोन वर्षांसाठी. मी त्याला विचारलं, मलेरियाच्या गोळ्यांचं काय केलंस? तर म्हणाला, "मामा, आपण ठाण्याच्या डासांवर वाढलोय. तिकडचे डास मला चावून मरतील." सगळे हसले, मीही हसलो. पोरगं बोलण्यात हुशार आहे. पण ठाण्याच्या फ्लॅटमध्ये लहानपणी एकदा मलेरिया होऊन गेल्याने पश्चिम आफ्रिकेतल्या फाल्सिपॅरमपुढे कसलंही कवच मिळत नाही. तिथे जन्मून, तिथेच वर्षानुवर्षं डास चावून घेत वाढलेल्या माणसाला थोडी प्रतिकारशक्ती येते. तीही अर्धवट, आणि ते गाव सोडलं की हळूहळू ओसरते.

हे शेवटचं वाक्य परदेशातल्या आपल्या मंडळींसाठी. माझ्या ब्लॉगवर येणाऱ्यांत लंडन, न्यू जर्सीचे नातेवाईक बरेच आहेत म्हणून सांगतो. ब्रिटनमध्ये २०२३ साली बाहेरून आलेल्या मलेरियाचे २,००४ रुग्ण नोंदले गेले, आदल्या वर्षी १,३६९ होते. त्यात साहसी गिर्यारोहक आणि सफारीवाले थोडे. जास्त करून आपल्या मूळ देशी, आईबापांना भेटायला गेलेली माणसं. 'घरी जायला कसल्या गोळ्या?' हा विचार लागोसच्या माणसाचा तोच आपला. भारतातला धोका आफ्रिकेच्या मानाने पुष्कळ कमी आहे, आणि सगळ्या भागांत सारखाही नाही. पण पावसाळ्यात पोरांना घेऊन येणार असाल तर आपल्या डॉक्टरला एक शब्द विचारायला काय हरकत आहे?

गोळ्यांबद्दल एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. परत आल्यावरही त्या चालू ठेवायच्या असतात. डॉक्सीसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन असेल तर चार आठवडे, अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर सात दिवस. कारण वर लिहिलंच आहे. शेवटच्या रात्री चावलेल्या डासाचे जंतू विमानातून आपल्याबरोबर यकृतात बसून येतात. पहिल्या दोन गोळ्या यकृतातल्या जंतूंना गाठू शकत नाहीत, ते रक्तात उतरेपर्यंत दबा धरून बसावं लागतं. तिसरी यकृतातही काम करते म्हणून आठवड्यात सुटका. लोक काय करतात, घरी आले की डबी कपाटात टाकतात. कुठली गोळी कुणाला चालते हे डॉक्टरनेच ठरवायचं, गरोदर बाई, लहान मूल, मानसिक आजार असलेला माणूस, प्रत्येकाचं वेगळं. मी डॉक्टर नाही. भाच्याला मात्र मी औषधं घातलेली मच्छरदाणी आणून दिली आहे आणि गोळ्यांसाठी डॉक्टरकडे धरून नेलं आहे. आणि त्याच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, एक वाक्य पाठ करायला लावलं आहे. तो सुट्टीवर आला आणि त्याला ताप आला, की दवाखान्यात पहिलं वाक्य 'हा आफ्रिकेतून आलाय', मग खोकला, मग बाकीचं. एका तपासणीत जंतू दिसला नाही तरी दुसऱ्या दिवशी परत रक्त द्यायचं, आणि गरज पडली तर तिसऱ्यांदाही. गोळ्या घेतल्या होत्या म्हणून मलेरिया नसेलच, असंही धरायचं नाही. ताई म्हणाली, "एवढं कशाला रे घाबरवतोस?" मी तिला कोप्पीची गोष्ट सांगितली. तिने मग वाक्य कागदावर लिहून फ्रिजला लावलं.

कोप्पीच्या मरणावर इटलीचा विश्वास बसायला फार वेळ लागला. किती, तर २००२ मध्ये अफवा उठली की त्याला आफ्रिकेत विषप्रयोग झाला होता. तोर्तोनाच्या सरकारी वकिलांनी चौकशी केली आणि तथ्य नाही म्हणून प्रकरण मिटवलं. मला ती अफवा समजते. एवढा मोठा माणूस, आल्प्सचे घाट एकट्याने चढून मागच्यांना बारा-बारा मिनिटं मागे टाकणारा, तो डास चावून मरतो हे मनाला पटत नाही. त्यापेक्षा विष बरं. विषाला निदान कुणीतरी घालणारा असतो.

आणि डास चावून मरणाऱ्यांची नावंही आपल्याला कळत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली जगात मलेरियाने ५ लाख ९७ हजार माणसं गेली, त्यातली जवळपास ९५ टक्के आफ्रिकेत, आणि बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. वागाडुगूच्या त्या शर्यतीला रस्त्याच्या कडेला उभी असलेली किती पोरं त्या हंगामात तापाने गेली असतील, त्याची गोष्ट कुणी लिहिली नाही. मीही एका इटालियनाचीच लिहितोय.

त्याच बुर्किना फासोमध्ये, वागाडुगूपासून फार लांब नसलेल्या नानोरो गावात, ऑक्सफर्डच्या आर-२१ या मलेरियाच्या लशीची लहान मुलांवर चाचणी झाली. २०२१ मध्ये निष्कर्ष आले, पहिल्या वर्षभरात ७७ टक्के संरक्षण. ही लस बनते आमच्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. ती तिथल्या बाळांसाठी आहे, माझ्या भाच्यासारख्या प्रवाशांसाठी नाही. त्याला आपली मच्छरदाणी आणि गोळ्याच.

कास्तेल्लानियाचं नाव आता कास्तेल्लानिया कोप्पी आहे, २०१९ मध्ये त्याच्या जन्मशताब्दीला बदललं. गावात शंभर माणसंही राहत नाहीत. जेमिनियानी त्या तापानंतर आणखी चौसष्ट वर्षं जगला. संघाचा व्यवस्थापक झाला, आंकतीललाही त्याने मोठमोठ्या शर्यती जिंकून दिल्या, भांडणं केली, आणि टॉवेल-चादरीची ती रात्र जो विचारेल त्याला सांगितली. ५ जुलै २०२४ ला तो गेला, नव्व्याण्णव वर्षांचा होऊन. त्यानंतर दहा दिवसांनी बुर्किना फासोच्या शेजारच्या आयव्हरी कोस्टमध्ये पुण्याच्या लशीचे पहिले डोस बाळांना दिले गेले.